बारा गुलाब

त्यानं एवढंच लिहिलं होतं,
"आज तुमच्याकडे बर्फ पडतोय ना?"
शिवी नाही, धमकी नाही.
कुणालाही वाटावं, बिचारा हवापाणी विचारतोय.
माझं हसू मात्र
थंडीत दोरीवर विसरलेल्या कपड्यासारखं
जागच्या जागी कडक झालं.

पडदा ओढलेला होता, लूना.
(काय नाव घेतलंस बाई! तिथं आधीच चाळीस लूना आहेत.)
दिवा गुलाबी, भिंत कोरी,
मग याश शहरातला बर्फ
त्याला दिसला कुठून?

तीन रात्री मी माझंच रेकॉर्डिंग बघत बसले,
त्याच्या डोळ्यांनी.
परक्या डोळ्यांची मला सवय आहे असं वाटायचं.
नव्हती.

आरशाच्या तळाशी, बोटभर,
समोरच्या इमारतीचं पांढरं छत.
सहाच्या सुमारास मठातली तोआका,
लाकडी फळीवर हातोडीचे ठोके,
आधी सावकाश, मग घाईघाईनं,
जन्मापासून ऐकलेले, म्हणून मला ऐकूच न येणारे.
वळणावर किंचाळणारी ट्राम.
आणि दारावर थाप देऊन
"सान्झियाना, पाणी गेलं गं!" म्हणणारी
शेजारची आग्रिपिनाबाई.

चार वर्षं जिवापाड जपलेलं नाव,
एका नळानं घालवलं.

चौकीतला साहेब पेन फिरवत म्हणाला,
"असली कामं करता, मग लोक बघणारच."
बघणं मी विकते, साहेब.
पत्ता विकायला ठेवलेला नाही.
हे मी तिथं म्हटलं नाही. जिन्यात म्हटलं,
परत येताना, भिंतीला.
दुसऱ्यांदा गेले ती वही घेऊन:
तारीख, वेळ, त्याचा शब्द न् शब्द, छापून चिकटवलेला.
सोबत कोद्रुत्सा होती, बाजारात मासे विकते ती.
ती खुर्चीत बसली आणि म्हणाली,
"पोच मिळाल्याशिवाय आम्ही उठत नाही."
मिळाली.

तरी फेब्रुवारीत गुलाब आलेच.
माझ्या खऱ्या नावानं, खऱ्या मजल्यावर.
मी दाराआड, पाय भुईला खिळलेले,
बाहेर जिन्यात आग्रिपिनाबाई मोठ्यानं मोजत होती,
"दहा... अकरा... बारा.
बारा? अरे, सम संख्येत फुलं मेलेल्याला देतात!
जिवंत बाईला कोण पाठवतं ही?"
पोऱ्या म्हणाला, मला काय ठाऊक, कागदावर लिहिलंय.
"मग कागद चुकलाय. या नावाचं इथं कुणी राहत नाही."

ती माझं काम जाणून होती की नाही,
मी कधी विचारलं नाही.
तिनंही कधी सांगितलं नाही.
त्या दिवसापासून ती मला "ए पोरी" म्हणते,
दार न ठोठावता, फक्त नखानं खरवडून.

पुढं मी घर बदललं.
नव्या भिंतीवरचं घड्याळ दोन तास मागं आहे.
कधी कधी समुद्रपक्ष्यांचा आवाज लावते,
इथून समुद्र आगगाडीनं अख्ख्या दिवसावर.
त्यानं शोधावं मला तिकडं, वाळूत.
खोटं बोलते म्हणून पूर्वी वाईट वाटायचं.
आता कुलपाला कुणी खोटारडं म्हणतं का,
एवढंच मनात येतं.

भीती गेली का, विचारतेस.
नाही गं. ती राहते इथंच, भाडं न देता.
पण शेवटचा माणूस गेला,
कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली,
की मी खिडकी सताड उघडते,
ट्रामला आत येऊ देते, थंडीला येऊ देते,
आणि स्वतःला एकदा हाक मारते,
हळू, पण पूर्ण नावानं.

तुझं खरं नाव मला आजच सांगू नकोस.
चहा घे. उद्या तुझी खोली बघायला येते,
मी खुर्चीत बसेन, तू कॅमेऱ्याच्या जागी उभी राहा,
काय काय दिसतं ते मोठ्यानं सांग.

आणि तो आरसा,
तो आज रात्रीच उतरव.