शेऱ्याचा रकाना

वरून आदेश आला : उपयुक्त ई-साधनांची यादी करा,
चार रकाने, शुक्रवारपर्यंत.
नाव. दुवा. इयत्ता. शेरा.

रात्री जागून केली.
त्रिकोण बोटाने फिरवता येतो ते एक,
पेशी फुगवून आत नेणारं एक,
धडा वाचून दाखवणारा एक आवाज,
जो आमच्या गावाला सोलॅपर म्हणतो.
सत्तेचाळीस झाली.
शेऱ्याच्या रकान्यात खालपर्यंत ‘चांगले आहे’.

मग कोण काय उघडतं ते पाहिलं.
श्रीलता कुरापाटी, सहावी ब :
एकाही दुव्यावर एकदाही नाही.

साखर पेठेत, गिरणीमागच्या बोळात गेले.
मागांची खटखट तिथे आधी तळपायांना कळते,
मग कानांना.
आई उंबऱ्यात, मांडीवर सूप, विड्या वळत.
तिने मानेनेच आत दाखवलं.
घरात फोन एक, तो इरय्यांच्या खिशात,
आणि इरय्या पुठ्ठ्याला भोकं पाडत बसलेले,
चादरीवरच्या मोरासाठी.
‘भोक असलं की धागा वर, नसलं की खाली.
दुसरं काय नाही बाई यात.’

मी पुस्तक उघडलं, अपूर्णांकांचं पान,
कोपऱ्यातला काळापांढरा चौकोन दाखवला.
कपाळावरचा चष्मा खाली आला.
खूप वेळ पाहिलं त्यांनी.
‘डिझाइन कुणाचं?’
डिझाइन नाही, म्हटलं, दार आहे.
फोन धरला की धडा उघडतो.
‘रिपीट नाही कुठंच.
तीन कोपरे सारखे, चौथा वेगळा.
उलटंसुलटं कळावं म्हणून केलंय,’
आणि पोरीकडे वळून, ‘हुशार आहे बे कोण तरी.’

सोळा वर्षं झाली नोकरीला.
मला चौथा कोपरा दिसला नव्हता.

तीन आठवड्यांनी श्रीलता टॉवेल घेऊन आली.
हातभर, पांढऱ्यावर काळा,
रात्रपाळीत, मालकाच्या नजरेआड विणलेला
तोच चौकोन.
एका कडेला दोन धागे तुटलेले.
‘पप्पा म्हणाले, चालतंय का बघा.’

फळ्याच्या खिळ्याला टांगला. फोन धरला.
चौतीस पोरं गप्प,
हे आमच्या शाळेत फक्त जन गण मन नंतर होतं.
पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा नाही.
मागच्या बाकावरून मल्लिनाथ म्हणाला,
सुरकुती ओढा की बाई.
ओढली.
टिंग.

आणि पडद्यावर : हे पान सापडत नाही.

दुवा मेला होता. कधी, कुणाच्या हातून,
कोण सांगणार.
माझ्या यादीत तो अकरावा.
शेरा : चांगले आहे.

संध्याकाळी सांगायला गेले.
‘माझं चुकलं का?’
नाही. तुमचं बरोबर आलं,
दोन धागे तुटूनही बरोबर आलं.
पलीकडे कुणी नव्हतं.
‘असतंय तसं,’ म्हणाले,
आणि पोरीपुढे ग्राफचा कागद सरकवला.
बारा घरांतली तीन काळी कर.
आता सहाच घरं आहेत. तेवढंच काळं दिसायला पाहिजे. किती?
तिने ओठांत मोजलं. दीड, म्हणाली,
आणि थांबली.
‘दीड भोक पडत नाही.’
सुपातली पानं सळसळायची थांबली.
‘मग सहा घ्यायचीच नाहीत,’ श्रीलता म्हणाली,
‘आठ घ्यायची. दोन काळी.’
इरय्यांनी काही न बोलता
पुठ्ठा तिच्याकडे सरकवला.

यादी केव्हाच वर गेली होती.
मी माझ्या वहीत अठ्ठेचाळिसावी ओळ आखली.
नाव : इरय्या कुरापाटी.
दुवा : साखर पेठ, गिरणीमागचा बोळ, पाळी सुटल्यावर.
इयत्ता : कोणतीही.
शेऱ्याशी पेन बराच वेळ अडलं.
मग लिहिलं :
मागांपाशी वर्षं गेली, कानाला कमी येतं.
जवळ बसावं.