एकच पेपर

अर्जाच्या तिसऱ्या पानावर एक चौकट असते:
कोणत्या पदवीसाठी?
लोक तिथे काहीबाही ठासून भरतात.
ड्युगल टुलोकनं आडवी रेघ मारली होती,
पट्टी लावून.

इथे डनीडनला विषयाला पेपर म्हणतात.
पदवी नको, नुसता एक पेपर द्या, असंही चालतं.
असे अर्ज माझ्या टेबलावर येतात.
एका पाद्र्याला हवी होती फक्त ज्वालामुखींची माहिती,
एक बाई दर वर्षी रशियन भाषेचा अर्ज करते
आणि दर वर्षी फीच्या तारखेला गप्प होते.

ड्युगल, वय चौसष्ट.
सेंट क्लेअरच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर.
शेवटची परीक्षा: शाळेतली. गणित नापास. साल खोडलेलं.
हवा असलेला पेपर: संख्याशास्त्र, पहिली पायरी.
हाच विषय का, या चौकटीत
जिथे लोक जिज्ञासा वगैरे लिहितात
त्यानं लिहिलं होतं,
अक्षर शेवटाकडे बारीक होत गेलेलं:

डॉक्टर म्हणाले, पाच वर्षं, शेकडा एकसष्ट.
नोएलीननं मान डोलावली. मीपण डोलावली.
गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, कशाचे एकसष्ट?
मला सांगता आलं नाही.
माझ्या बसमध्ये बेचाळीस सीटा आहेत,
किती चढले, किती उतरले, मला आरशात दिसतं.
हे दिसत नाही.

पूर्वपात्रता अपुरी.
हा शिक्का माझ्या उजव्या हाताला असतो,
हात सवयीनं तिकडे गेलाही.
मग कोट चढवला, लीथच्या ओढ्यावरचा पूल ओलांडून
विभागप्रमुखांकडे गेले.
डॉक्टर लेआवासांनी अर्ज उभ्यानंच वाचला,
चष्मा पुसला, पुन्हा वाचला,
आणि एवढंच विचारलं:
त्याची शिफ्ट किती वाजता सुटते?

फेब्रुवारीत तो खिडकीशी आला, युनिफॉर्मवरच.
बायको विचारतेय, म्हणाला,
नापास झालो तर निम्मे पैसे परत मिळतात का?
मिळत नाहीत.
ती हेच म्हणाली होती.

मधले महिने मला ठाऊक नाहीत.
वर्गातल्या एका पोरानं सांगितलं,
तो दाराजवळच्या खुर्चीवर बसतो,
तास संपला की सगळी मुलं बाहेर पडेपर्यंत उठत नाही
आणि शेवटचा गेला की मागे वळून
रिकाम्या रांगा एकदा बघून घेतो.
हातचा धरायला मात्र अजून विसरतो.

जुलैत, दक्षिणेचा वारा काचा हलवत असताना,
दोघं आली.
त्रेपन्न मार्क. पन्नासला पास.
मी अभिनंदन म्हणाले, ते त्याला ऐकूच गेलं नसावं.
काउंटरवर कोपर टेकून तो मला सांगू लागला,
जणू मीच विचारलं होतं:
ते एकसष्ट ना, ते आधीच्या फेरीतले लोक.
त्यांची मोजणी झालीय. ते उतरून घरी गेले.
उरलेले एकोणचाळीसही आधीच्याच फेरीतले.
ही त्यांच्यात नाहीच.
ही अजून स्टॉपवर उभी आहे.

मग हिचं काय?
मी विचारायला नको होतं.
ते त्या पेपरात नाही, तो म्हणाला.

एवढ्यासाठी हजार डॉलर, नोएलीन म्हणाली.
डोक्यावरची लोकरी टोपी तिनं खाली ओढली,
पर्समधून चार घड्या घातलेला अर्ज काढला.
पदवीच्या चौकटीत रेघ, हातानंच मारलेली, वाकडी.
विषय: वनस्पतिशास्त्र.
हाच का?
शेवाळ. फार सावकाश वाढतं म्हणतात. बघायचंय.

तू मला सांगितलं नाहीस, ड्युगल म्हणाला.
तुला सांगितलं असतं तर फीचा हिशोब काढत बसला असतास.
आता येतोच मला हिशोब.
त्रेपन्न मार्कांचा.

मागे रांग वाढत होती.
मी पुढचा नंबर पुकारला नाही.