दोन भोवरे

माणसं मी चेहऱ्यानं ओळखत नाही,
मानेच्या मागून ओळखतो.
जहाजावर माझी खुर्ची खालच्या डेकवर, बॉयलरच्या भिंतीलगत.
समुद्र उठला की गिऱ्हाईक आणि मी
एकाच बाजूला कलायचो,
वस्तरा हवेत धरून, लाट जाईपर्यंत.

'वाकोमा' तिचं नाव. अटॅक ट्रान्सपोर्ट.
म्हणायला लढाऊ, पण तोफा नावापुरत्या,
बाकी सगळं पोट.
पोटात चौदाशे पोरं, एकावर एक पाच बिछाने,
आणि दोन्ही अंगांना होड्या टांगलेल्या,
जबड्यासारखं दार पुढे आपटणाऱ्या.

उतरायच्या आदल्या रात्री रांग लागायची.
हुकूम नव्हता, तरी.
बारीक कर, लुशियस. अजून बारीक.
मोबीलमध्ये ज्या खुर्चीमागे मी उभा राहायचो
तिच्यात मला बसायची बंदी होती.
त्याच रंगाचे गळे इथं माझ्यापुढे ताणलेले,
वस्तऱ्याखाली, झोपाळू.
हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा रांग लांब होती.

एकाच्या डोक्यात दोन भोवरे निघाले.
एल्डन क्वास्ट, आयोवाचा, मक्यावाल्यांचा.
कात्री कुठूनही न्या, केस फिरून तिथंच.
मी म्हटलं, आमची मावशी सांगायची,
दोन भोवरेवाला दोन देशांची भाकर खातो.
तो आरशात हसला:
"त्या बेटावर भाकर कशाची करतात?"
मला काय ठाऊक.
बेटाचं नावसुद्धा आम्हाला सांगितलं नव्हतं.

पहाटे जाळ्या सोडल्या.
वरून नुसती हेल्मेटं दिसतात,
रात्रभराचं माझं काम सगळं झाकलेलं.
आणि होड्या लगेच किनाऱ्याकडे जात नाहीत.
आधी गोल फिरत राहतात, एकीमागे एक,
इशाऱ्याचं निशाण पडेपर्यंत,
पाण्यावर पांढरा फेस फिरवत.
डाव्या अंगाला एक चक्कर. उजव्या अंगाला एक.
मी कठड्याशी दोर धरून उभा होतो.
नको तेव्हा नको ते आठवतं.

दुपारी होड्या आल्या, आडव्या माणसांच्या.
जेवणाच्या टेबलांवर डॉक्टर उभे.
लुशियस, डोकं साफ कर. पुढचं. पुढचं.
केस रक्तानं चिकटलेले, गरम पाण्यानं सुटत नव्हते.
हात आपोआप टाळूवर जायचा.
एक.
एक.
इथं अर्धीच टाळू.
एक.

मग आणखी तीन बेटं. मग युद्ध संपलं,
आणि आम्ही हिवाळाभर माणसं घरी वाहिली,
दाढ्या वाढलेली, मोठ्यानं हसणारी.
मी सगळ्यांच्या मानेमागून पाहिलं.
जहाज पुढे भंगारात गेलं, टनाच्या भावानं.

आता माझं दुकान आहे, खुर्ची माझी, हवं तेव्हा बसतो.
बाया पोरांना आणतात पहिल्या केसांसाठी.
मी डोकं खिडकीकडे वळवून बघतो आधी.
दोन निघाले तर बोलत नाही काही.
तिथले केस जरा लांब ठेवतो.