दीड रेघ

वरणगावच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी पितळ मोजलं.
अंदाज हा शब्द आमच्या खात्यात शिवीसारखा होता.
आता भुसावळला, मागच्या खोलीत,
लोक जुने बिल्ले घेऊन येतात,
पट्ट्याचे, पागोट्याचे, खांद्यावरचे.
मी आधी मुकुट बघतो:
राणीचा माथ्याशी दबलेला, राजाचा घुमटासारखा.
मग पाठ उलटी करून कड्या.
नकली असेल तर ओतलेला असतो,
अक्षरांच्या कुशीत वाळूचे दाणे घेऊन.

ठगूबाई बैसाणे सुरत पॅसेंजरने आल्या
अमळनेरच्या अलीकडून.
रुमालाच्या गाठीत बिल्ला; बिल्ला कसला, तुकडा.
"भाऊ, यावर काय लिखेल शे?"

म्हणाल्या, देव तापीत सोडले त्या वर्षी
गाठोड्यातून सासऱ्यांनी एवढाच परत काढला.
हा देव नाही, म्हणाले, हा पगार आहे.
तेव्हापासून बाजरीच्या कणगीत.
आता शाळेत काचेची पेटी होतेय,
आणि सरपंचांचा पुतण्या म्हणतो, पलटण मराठ्यांची,
एम, ए, एच, स्वच्छ दिसतंय की;
तुमच्याकडे कसा आला तेवढं सांगा.

तेवढं.

एम, ए, एच. पुढे कड.
दोन्ही नावं इथवर एकच आहेत.
इंग्रजाच्या लिपीत तीन अक्षरं दोघं बरोबर चालतात
आणि तिथून पाणवठे वेगळे होतात.
वर आकडा: एक,
आणि कडेला चिकटून आणखी एक. तिसरा अंक गेलेला.
एकशे दहा, चौदा, सोळा, सतरा, सगळ्या मराठ्यांच्या.
एकशे अकरा महारांची.
चारास एक. पुतण्याचं पारडं जड.

व्हर्नियर काढला.
पहिली रेघ दोन मिलिमीटर.
दुसरी एक.
पुन्हा मोजली. बाईंनी चहा बशीत ओतला, प्यायल्या नाहीत.
एक.

भिंगाखाली धरलं तेव्हा कळलं, हे तुटलेलं नाही.
छिन्नीने कापलंय, वरून खाली, दोन घावांत,
आणि छिन्नी गेलीय त्या दुसऱ्या रेघेच्या बरोबर मधून.
"घरात वाटणी झाली होती का?"
"व्हयथी ना. धाकला भाऊ उधनाले गयथा."
तांब्या एकाला, परात एकाला,
आणि हे निम्मं म्हणजे निम्मं.
सुतळी दुमडून त्यांनी मध्य काढला असणार.

मध्य सापडला की हरवलेलं सापडतं.
डावीकडे तीन अक्षरं, तर उजवीकडेही तीनच.
नऊ अक्षरांचं नाव असतं तर छिन्नी
पाचव्या अक्षराच्या पोटातून गेली असती.
सहा अक्षरांत एकच नाव बसतं.

मी ते सांगितलं. हेही सांगितलं
की ही पलटण जेमतेम चार वर्षं होती, मग सरकारने मोडली;
मोड हा आमच्याकडे पितळेचाही शब्द.
माणसाचं नाव मात्र मला सांगता येणार नाही,
बिल्ल्यावर ते नसतंच.
"नाव माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "झिपरू."

गाठ मारताना विचारलं, पेटीत द्यायचा का?
म्हटलं, ते माझ्या मोजण्यात येत नाही.
गाडी चुकेल म्हणून उठल्या, चहा बशीतच.

पेन्सिल घासून घेतलेला ठसा माझ्याकडे आहे.
कागदाची डावी बाजू काळी, उजवी कोरी.
उरलेलं काढायला हात शिवशिवला. काढलं नाही.
ते उधन्याला कुणाच्या तरी ट्रंकेत असेल
किंवा कधीच भट्टीत गेलं असेल,
आणि गेलं नसेल तर तिथेही कुणी
अर्धी रेघ, एक रेघ, ए, आर, एस
असं बोटाने चाचपत असेल, उजेडाकडे धरून.