पोहऱ्यात न आलेलं

वरच्या खोलीचं भाडं आठवड्याला नऊ शिलिंग,
नाश्ता धरून, कोळसा वेगळा.
मिस हेस्टर थ्रेलकेल्ड आल्या दोन ट्रंका घेऊन:
एकीत थोडे कपडे,
दुसरीत पाकिटं, पाकिटांत वाटाणे.
आईला वाटलं, बाई बियाण्याच्या दुकानात असणार.

त्या विद्यापीठात होत्या. म्हणजे कुंपणाशी होत्या.
परीक्षेत पहिल्या आलेल्या,
पदवी नाही; बायकांना ती देत नसत.
बागेतला एक पट्टा दिलेला, उत्तरेकडचा,
जिथे ऊन दुपारी दोननंतर.

शाळा बुडवून मी त्यांना तिथे पाहिलं.
गुडघ्याखाली गोणपाट, हातात चिमटा,
कळी उमलायच्या आत हळूच उघडून
पुंकेसर काढत होत्या, एकेक,
झोपलेल्या पोराच्या पायातला काटा काढावा तसे.
मग कुंचल्यानं दुसऱ्या फुलाचा पराग,
वर मलमलीची पिशवी, दोरा, चिठ्ठी.
"मधमाशीला आत सोडायचं नाही," म्हणाल्या,
"ती हिशेब ठेवत नाही."

हिशेब मी ठेवू लागले.
गुळगुळीत डावीकडे, सुरकुतलेले उजवीकडे,
हजार दाण्यांना एक पेनी.
तिनास एक, तिनास एक,
भुरभुरत्या शनिवारीसुद्धा तिनास एक.
एकदा मी तीन दाणे बाजूला ठेवले:
एक गाल गुळगुळीत, एक गाल सुरकुतलेला.
बाई चहा प्यायच्या विसरल्या.

सहा वर्षं त्या तीन दाण्यांमागे गेली.
निबंध छापून आला; वर नाव प्रोफेसर लॅम्प्लू,
शेवटी बारीक टाइपात,
'मोजणीत कु. थ्रेलकेल्ड यांची मदत झाली.'
त्या पानावर त्यांनी किटली ठेवली.
पान माझ्याकडे आहे. गोल डागही.

सतरा सालचा हिवाळा. पाव करडा, बटाटे संपलेले,
बाबा फ्रान्सच्या चिखलात.
बाई चार दिवस लंडनला, मेलेल्या भावाचं सामान घ्यायला.
आईनं वरची पाकिटं खाली आणली.
हाडाचं पाणी, कांदा, वाटाणे:
नवव्या पिढीचं सूप.
आम्ही भावंडांनी वाडगे चाटून पुसले.

बाई परतल्या. एप्रनमध्ये हात गुंडाळून
आईनं सगळं सांगितलं.
त्या बसल्या. "उरलंय का?"
आणि खाल्लं, चमचा चमचा,
मोजल्यासारखं.
"मीठ कमी आहे, मिसेस गोटोबेड."
रात्रभर वरच्या फळ्या वाजत होत्या.
सकाळी पलंगाखालच्या फटीत हेअरपिन घालून
मी चार दाणे काढले.
एक उगवला.

बाबा आले, एक हात कमी,
आणि जुना संशय दारूत भिजून वर आलेला:
काळ्या केसांच्या दोघांच्या घरात
हे लाल डोकं कुणाचं?
मी जिन्यावर. बाई माझ्या शेजारून खाली उतरल्या,
खाटकाच्या कागदावर चार चौकोन आखले.
"आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, कबूल.
पण आडात असून पिढ्यान्‌पिढ्या
पोहऱ्यात न आलेलंही असतं, मिस्टर गोटोबेड.
वाट बघत असतं असंही नाही.
नुसतं असतं."
असं होऊ शकतं, एवढंच त्या म्हणाल्या.
असं झालं, असं नाही म्हणाल्या.
बाबांनी कागद घडी करून खिशात घातला.
खरं काय ते आई घेऊन गेली.

अठ्ठेचाळीस साली पदवी देऊ केली त्यांना.
काठी टेकत टपालापर्यंत गेल्या,
उत्तर एका ओळीचं:
'आभार. पट्टा दक्षिणेकडचा मिळेल का?'

आता पाकिटं माझ्याकडे, बुटांच्या खोक्यात.
दर मार्चमध्ये एक ओळ लावते.
तसा दोन गालांचा दाणा पुन्हा आलेला नाही.
यंदा सातशे बारा भरले.
तिनास एक.
पेनी कुणी देत नाही.