फेलो

दारावरच्या पाटीवर नाव नाही, नुसतं 'फेलो'.
सत्यम्मा मावशींनी पहिल्या दिवशी ती हळूहळू वाचली:
'एम.डी. होऊन पण फेल? असू दे बाई,
ऑक्टोबरला निघेल.'

एका वर्षाचं शिक्षण. विषय: म्हातारपणातलं मन.
विद्यावेतन तीन महिन्यांनी, नळाला पाणी चार दिवसांनी,
आणि आई दर रविवारी: अजून किती शिकणार?
मैत्रीण बंगळुरूला पोस्टडॉक करते.
तिचे उंदीर भुलभुलैयात वाट विसरतात
आणि ती त्यांच्या मेंदूचे केसाहून पातळ काप
काचेवर ठेवून रात्र रात्र बघत बसते.
म्हणते, तुझं बरं आहे, तुझे पेशंट बोलतात.

बोलतात. कानडीत, तेलुगूत, मोडक्या हिंदीत.
शिवी तेवढी शुद्ध मराठी.

नागमणी म्याकल, वय अंदाजे बहात्तर,
राहणार विडी घरकुल.
सोबत नातू, रात्रपाळीवरून थेट आलेला,
भुवयांवर टॉवेलचा कापूस.
रात्री उठून दार उघडते. गॅसवर भांडं विसरते.
सुनेला विचारते, तू कुणाची.

मी फॉर्म काढला, तीस गुणांचा.
आज वार कोणता?
'पाण्याचा.'
शंभरातून सात वजा करा.
'का?'
तीन शब्द लक्षात ठेवा: संत्रं, छत्री, आगगाडी.
ठेवते म्हणाली, पदराच्या टोकाला गाठ मारली.
पाच मिनिटांनी गाठ सोडून बघितली.
आत काही नव्हतं.

तीसपैकी नऊ, मी लिहिलं.

आणि हा सगळा वेळ तिची बोटं.
मांडीवर नसलेलं सूप, त्यात नसलेलं पान,
चिमूटभर हवा, अंगठ्यानं वळ,
नखानं तोंड मिटव, दोरा.
पंचवीस झाल्या की तळवा झटकून
कट्टा बाजूला.
मी मोजत गेले. सहा कट्टे. एकदाही चुकली नाही.
याला फॉर्मवर रकाना नाही.

दुपारी हत्तुरे मॅडमपुढे केस मांडली.
थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, सीटीची तारीख.
मॅडम कडक भाकरी मोडत ऐकत होत्या.
मध्येच म्हणाल्या, 'मावशी, हिला तीन शब्द द्या, तुमच्यातले.'
सत्यम्मा दाराला टेकून: 'आकू, दारम, कत्तेर.'
आणि मॅडम परत बी-ट्वेल्व्हवर.
भाकरी संपली. हात धुतले. 'हं, सांगा.'

आकू, मी म्हटलं.
मग दार. दारम की दारू.
पुढे पांढरं.
'ऑक्टोबर,' सत्यम्मा हळूच म्हणाल्या.
मॅडम हसल्या नाहीत. 'नवा फॉर्म करा. सोमवारपर्यंत.'

रात्री गच्चीवर बेचाळीस अंशांची गादी,
खालच्या गल्लीत मागांचा खडखडाट.
संत्रं खोडलं. छत्री खोडली.
सोलापुरात छत्री कुणी शोधली असती मुळात.
आगगाडी बराच वेळ तशीच ठेवली.
हजारातून एक कट्टा वजा, मग आणखी एक, मग आणखी:
चौथ्याच पायरीला मला कागद लागला.
बंगळुरूहून मेसेज: चौदा नंबरचा उंदीर आज
हललाच नाही, भिंतीशी उभा राहिला.
मी लिहिलं, त्याला वार विचार.

सोमवारी नागमणी आली.
मी म्हटलं, आकू. तिनं माझा उच्चार दुरुस्त केला.
मग माझ्या हातातला फॉर्म घेतला,
खिडकीकडे धरून पारखला, शिरा कुठे जाड, कुठे पातळ,
कडा नखानं तोडून खाली टाकल्या,
अख्खं पान वळलं, तोंड मिटवलं
आणि माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली,
'ओकटी.'

बाहेर अजून चाळीस नंबर होते.
मी दुसऱ्याची वाट बघत बसले.