मुदत

बरका. शेळ्यांच्या कुंपणापासून
चौदा नंबरच्या स्वयंपाकघरापर्यंत
टेप धरली : अकरा मीटर.

माश्या? आहेत.
मूत मुरलेली वाळू? आहे.
आणि चौदा नंबरचं तान्हं
हगवणीनं सुकलंय, हेही खरं.

खल्फानची आई एवढंच म्हणाली,
शेळ्या आल्या तेव्हा
चौदा नंबर नव्हता. खजुरी होत्या.
वास वारा घेऊन जायचा, समुद्राकडे.

वाऱ्याला फॉर्मात रकाना नाही.
सात दिवस, मी लिहिलं.
बलदियाचा शिक्का मारला.

तिनं कहवा ओतला.
तेवढ्यात एका करडानं
नोटिशीचा कोपरा खाल्ला,
नेमका तारखेचा.

उद्या नवी प्रत आणतो, म्हणालो.
म्हणजे आठ दिवस.

जाताना चौदा नंबरची बेल वाजवली :
बाळाचं दूध झाकून ठेवा.